आधी रक्त बोललं: पिअरसन सिंड्रोमचं एक प्रकरण

ती पहिल्यांदा आमच्याकडे आली तेव्हा नऊ महिन्यांची होती आणि तोवर तिला सहा वेळा रक्त चढवून झालं होतं. सोबत जाडजूड फाइल, आणि वडिलांच्या पिशवीत औषधाच्या रिकाम्या खोक्यात कापसात गुंडाळलेल्या काचपट्ट्या. मी रक्तविकारांच्या प्रयोगशाळेत काम करते, त्यामुळे पेशंटच्या आधी बहुतेक वेळा मला त्याची स्लाइड भेटते. या मुलीच्या बाबतीतही तसंच झालं. तिची ओळख पटेल असे तपशील इथे गाळले आहेत.

आधी फाइलमधला प्रवास सांगते, कारण त्यातल्या प्रत्येक टप्प्यावर कुणीतरी अगदी रास्त विचार केला होता.

पाचव्या महिन्यात आजीच्या लक्षात आलं की बाळाचे तळहात पांढरे पडलेत आणि दूध पिताना ती दमते. तालुक्याच्या ठिकाणी तपासलं तर हिमोग्लोबिन ४.२. इतक्या लहान बाळात इतकं कमी हिमोग्लोबिन दिसलं की आपल्याकडे पहिला संशय थॅलेसेमियाचा येतो, आणि तो यायलाच हवा. गर्भातलं हिमोग्लोबिन, म्हणजे एचबी-एफ, ३४ टक्के आलं आणि कागदावर ‘थॅलेसेमिया मेजर?’ असं लिहिलं गेलं. पण त्याच कागदावर, दोन ओळी वर, लाल पेशींचं सरासरी आकारमान १०४ छापलेलं होतं. थॅलेसेमियात पेशी लहान होतात. इथे त्या प्रौढ माणसाच्याही वरच्या मर्यादेपलीकडे गेल्या होत्या. रेटिक्युलोसाइट, म्हणजे हाडांतल्या मज्जेतून नुकत्या बाहेर पडलेल्या कोवळ्या लाल पेशी, फक्त ०.३ टक्के. मज्जा पेशी बनवतच नव्हती. प्लेटलेट ५८ हजार, न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, ६२०. थॅलेसेमियाचे वाहक ओळखायला आई-वडिलांचं एचबी-ए२ तपासल्यावर दोघांचंही व्यवस्थित निघालं आणि थॅलेसेमियाचा शिक्का पुसला गेला.

मग बी-१२. आई शुद्ध शाकाहारी, बाळ फक्त अंगावर पिणारं, पेशी मोठ्या, तिन्ही प्रकारच्या पेशी कमी. भारतात हे चित्र खरोखर वारंवार दिसतं आणि इंजेक्शनने बाळ आठवड्याभरात पालटतं. तीन आठवडे इंजेक्शनं दिली. रेटिक्युलोसाइट हलले नाहीत. बी-१२ची पातळी नंतर आली, ती भरपूर होती.

त्यानंतर शहरात मज्जा काढली. अहवालात लाल पेशींच्या पूर्वज पेशी कमी असल्याचं लिहून डायमंड-ब्लॅकफॅन ॲनिमियाची, म्हणजे मज्जा लाल पेशीच बनवत नाही अशा जन्मजात आजाराची, शक्यता मांडली होती. शेवटच्या ओळीत एक वाक्य होतं: काही पेशींत पोकळ्या दिसतात, बहुधा नमुना हाताळताना आलेला दोष. लोहाचा रंग केलेला नव्हता. पुढची पायरी म्हणून एक्झोम तपासणी, म्हणजे एकाच वेळी हजारो जनुकांचं वाचन, झाली. घरच्यांनी त्यासाठी दागिना मोडला. उत्तर आलं: काही सापडलं नाही.

त्या शेवटच्या वाक्यासाठी मी वडिलांना मूळ काचपट्ट्या घेऊन यायला सांगितलं होतं. पोकळ्या हाताळणीतून येतात हे खरं आहे. रक्त नळीत तासन्‌तास पडून राहिलं की त्यातल्या पक्व पांढऱ्या पेशींमध्ये, विशेषतः मोनोसाइटमध्ये, बुडबुडे दिसायला लागतात. पण मज्जेची पट्टी खाटेजवळच, सुईतून काढल्या काढल्या ओढतात. तिथे पडून राहण्याचा प्रश्न येत नाही. आणि मी बघितलं तेव्हा पक्व पेशी स्वच्छ होत्या. पोकळ्या होत्या त्या कोवळ्या पेशींत, लाल पेशींच्या अगदी पहिल्या पिढीत आणि पांढऱ्या पेशींच्या पूर्वजांतही. गडद निळ्या पेशीद्रवात गोल, रेखीव कडेची भोकं, तव्यावरच्या आंबोळीला पडतात तशी. एका पेशीत मी नऊ मोजली. दुसरीत केंद्रकावरसुद्धा दोन होती.

खोक्यात दोन पट्ट्या न रंगवलेल्या होत्या. हे आमचं नशीब. त्यांच्यावर लोहाचा निळा रंग, म्हणजे पर्ल्सचा प्रशियन ब्लू, चढवला. फिकट गुलाबी पार्श्वभूमीवर लाल पेशींच्या पूर्वजांमध्ये केंद्रकाला बिलगून निळे कण, मण्यांचं अर्धवट कडं असावं तसे. असे किमान पाच कण केंद्रकाचा निदान एकतृतीयांश घेर व्यापताना दिसले तर त्या पेशीला रिंग सिडरोब्लास्ट म्हणतात. ते निळे मणी म्हणजे मायटोकॉन्ड्रियात अडकून पडलेलं लोह.

शाळेच्या पुस्तकात आपण मायटोकॉन्ड्रियाला तंतुकणिका म्हणायला शिकलो, पेशीचं वीजघर. रक्ताच्या बाबतीत मात्र तिथे विजेपलीकडचंही काम चालतं. हिमोग्लोबिनमधलं हीम बनवण्याची पहिली पायरी मायटोकॉन्ड्रियात होते, मधल्या पायऱ्या बाहेर पेशीद्रवात, आणि शेवटी तयार साच्यात लोहाचा अणू बसवायला माल परत आत येतो. लोह-गंधकाचे सूक्ष्म पुंजके जुळवण्याचं कामही तिथेच सुरू होतं. हे काम अडलं की लोह आत येत राहतं आणि वापरलं जात नाही. ते साठतं, आणि पेशी पक्व होण्याआधीच मरते. पक्व लाल पेशीत एकही मायटोकॉन्ड्रिया उरत नाही, ती पेशी पक्व होता होता सगळे टाकून देते. म्हणून बोटातून काढलेल्या रक्तात हा आजार ‘ॲनिमिया’ एवढाच दिसतो. त्याचा चेहरा बघायचा तर मज्जेतच जावं लागतं.

कोवळ्या पेशींत पोकळ्या आणि रिंग सिडरोब्लास्ट ही जोडी दिसली की मी चार गोष्टी मनात ठेवते. तांब्याची कमतरता अगदी हेच चित्र उभं करते आणि ती औषधाने बरी होते, म्हणून तांबं आणि ते वाहून नेणारं प्रथिन, सेरुलोप्लाझ्मिन, लगेच तपासायला पाठवलं. दोन्ही व्यवस्थित आली. दारू मोठ्यांमध्ये. तिसरी गोष्ट औषधं. मायटोकॉन्ड्रियाचे स्वतःचे रायबोसोम, म्हणजे प्रथिनं बनवणारी यंत्रं, जिवाणूंच्या रायबोसोमसारखे असल्यामुळे जिवाणूंवर चालवलेला घाव त्यांच्यावरही बसतो. टायफॉइडसाठी पूर्वी सर्रास वापरलेल्या क्लोरॅम्फेनिकॉलने मज्जेत अशाच पोकळ्या पडतात. आज औषधांना दाद न देणाऱ्या क्षयरोगात लिनेझोलिड महिनोनमहिने द्यावं लागतं, आणि त्या पेशंटचं हिमोग्लोबिन नि प्लेटलेट उतरतात, लॅक्टेट, म्हणजे मायटोकॉन्ड्रिया कमी पडले की रक्तात साठणारं आम्ल, चढतं, कधी नजर जाते. मुंबईत क्षयरोगाचं काम करणाऱ्या कुणालाही हे नवं नाही. त्या पेशंटना जन्मजात काही नसतं. औषधाने काही काळापुरता त्यांना मायटोकॉन्ड्रियाचाच आजार दिलेला असतो. चौथी गोष्ट पिअरसन सिंड्रोम.

बालरोगतज्ज्ञांना फोन करून मी दोनच प्रश्न विचारले. लॅक्टेट किती? शौचाला कसं होतं? लॅक्टेट कुणी केलंच नव्हतं. रडणाऱ्या बाळाचा हात पट्ट्याने आवळून काढलेल्या रक्तात ते खोटं वाढतं, म्हणून बाळ झोपलेलं असताना, पट्टा न बांधता, नमुना बर्फात ठेवून दोनदा केलं: ५.८ आणि ६.१. दोनच्या आत असायला हवं. रक्तातलं बायकार्बोनेट, म्हणजे आम्ल शमवणारा क्षार, १५, म्हणजे कमी. शौचाबद्दल आईने सांगितलं, “मॅडम, लंगोट धुताना हाताला तेल लागल्यासारखं होतं.” हे ती पाच महिन्यांपासून बघत होती. कुणी विचारलं नव्हतं म्हणून तिने सांगितलं नव्हतं. शौचातलं इलास्टेज, म्हणजे स्वादुपिंडाचं एक पाचक विकर, ४८ आलं. दोनशेच्या वर अपेक्षित असतं. म्हणजे स्वादुपिंड पाचकरस देत नव्हतं आणि खाल्लेली चरबी तशीच बाहेर पडत होती. वजन न वाढण्याचं कारण इतके दिवस ‘ॲनिमिया आहे ना’ यावर ढकललं गेलं होतं.

१९७९ साली अमेरिकेत हॉवर्ड पिअरसन आणि सहकाऱ्यांनी चार मुलांची नोंद केली. एकमेकांशी नातं नसलेली चार मुलं, चौघांना उपचारांना न जुमानणारा ॲनिमिया, मज्जेत पोकळ्या आणि रिंग सिडरोब्लास्ट, आणि स्वादुपिंडाचं काम मंद. कारण सांगणं त्या वेळी शक्यच नव्हतं. मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएची पूर्ण अक्षरमाला १९८१ मध्ये वाचली गेली, त्यातल्या तुटींमुळे, म्हणजे तुकडे गळाल्यामुळे, माणसाला आजार होतो हे १९८८ मध्ये दिसलं, आणि पुढच्याच वर्षी पॅरिसच्या संशोधकांनी पिअरसनच्या आजारात तशीच तूट दाखवली. निव्वळ स्लाइड बघून चार मुलांना एका धाग्यात ओवणारी ती नजर मला आजही थक्क करते.

मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए म्हणजे १६,५६९ अक्षरांची एक गोल साखळी. तिच्यात ३७ जनुकं: १३ प्रथिनांची, बाकीची ती प्रथिनं बनवायला लागणाऱ्या अवजारांची. आमच्या मुलीच्या या डीएनएच्या तपासणीत पूर्ण लांबीच्या साखळीची पट्टी पुसट उमटली आणि तिच्या खाली, आखूड लांबीची, ठसठशीत दुसरी. ४,९७७ अक्षरांचा तुकडा गायब होता. जगभर सगळ्यात जास्त आढळणारी तूट हीच. त्या तुकड्याच्या दोन्ही टोकांना १३ अक्षरांचा सारखाच मजकूर असतो. नक्कल करताना यंत्रणा एका मजकुरावरून थेट दुसऱ्यावर घसरते आणि मधलं सगळं गळतं. गळालेल्या भागात प्रथिनांच्या जनुकांबरोबर काही अवजारंही असतात, म्हणून उरलेली शाबूत जनुकंही नीट वाचली जात नाहीत. तिच्या रक्तात ८२ टक्के साखळ्या तुटक्या होत्या.

एक्झोममध्ये हे का दिसलं नाही? कारण ती तपासणी केंद्रकातल्या जनुकांची असते. मायटोकॉन्ड्रियातली मोठी तूट शोधायला ती बनलेलीच नाही. “काही सापडलं नाही” या उत्तरासोबत “आम्ही इथे बघितलेलं नाही” एवढं ठळक लिहिलेलं असतं, तर त्या घराचे तीन महिने वाचले असते. डायमंड-ब्लॅकफॅनचा संशय असलेल्या पण जनुकीय कारण न सापडलेल्या १७३ जणांचे नमुने २०१४ मध्ये नव्याने तपासले गेले, तेव्हा त्यातल्या आठ जणांत मायटोकॉन्ड्रियाची मोठी तूट निघाली. माझा आग्रह आहे की बाळात मोठ्या पेशींचा ॲनिमिया असेल, रेटिक्युलोसाइट नसतील आणि डायमंड-ब्लॅकफॅनमध्ये बहुतेकदा बिघडलेली रायबोसोमची जनुकं ठीक असतील, तर मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएची तपासणी न करता फाइल बंद करू नये. लॅक्टेट तर कुठेही होतं.

निदान सांगायला बसलो तेव्हा आई, वडील, आजी तिघंही होते. मायटोकॉन्ड्रिया फक्त आईकडून येतात हे बालरोगतज्ज्ञांनी ओघात सांगितलं आणि खोलीतली हवा बदलली. आजी सुनेकडे न बघता म्हणाल्या, “म्हणजे हिच्याकडून आलं. आमच्यात कुणाला असलं काही नाही.” आईने मान खाली घातली. ते वाक्य तसंच राहू दिलं असतं तर त्या घरात काय झालं असतं, हे आपण सगळे जाणतो. मी म्हटलं, “आजी, मायटोकॉन्ड्रिया आईकडून येतात. ही तूट आईकडून आलेली नाही. ती बहुतेक वेळा बीज तयार होताना किंवा गर्भाच्या पहिल्या दिवसांत आपोआप पडते. तुम्ही, मी, कुणाच्याही लेकीच्या बाबतीत होऊ शकलं असतं.” नुसतं बोलून भागणार नव्हतं, म्हणून आईचं रक्त आणि लघवीतल्या पेशी तपासल्या. तूट नव्हती. आईला स्वतःला असा आजार असता तर पुढच्या बाळाला धोका सुमारे चोविसात एक असतो. नसेल तर तो फारच कमी. तो अहवाल मी आजींच्या हातात दिला, मुद्दाम त्यांच्याच. त्यांना वाचता येत नव्हतं, पण त्यांनी तो घडी करून कमरेच्या पिशवीत ठेवला.

उपचार म्हणजे सांभाळणं. जेवणासोबत स्वादुपिंडाची विकरं, चरबीत विरघळणारी जीवनसत्त्वं, बायकार्बोनेट. न्यूट्रोफिल पडून ताप आला की दवाखान्यात भरती, दोनदा पांढऱ्या पेशी वाढवणाऱ्या वाढ-घटकाची इंजेक्शनं. बी-६ आणि थायमिन काही आठवडे देऊन पाहिलं. सिडरोब्लास्टच्या इतर काही वंशगत प्रकारांत त्यांनी चमत्कार होतो, इथे झाला नाही. दर तीन-चार आठवड्यांनी रक्त. रक्तासोबत येणारं लोह बाहेर काढायचं औषध आम्ही फार जपून वापरलं, कारण ते मूत्रपिंडाला त्रास देतं आणि या आजाराचा पुढचा घाव अनेकदा मूत्रपिंडावरच पडतो. मज्जारोपणाबद्दल वडिलांनी विचारलं. रोपणाने मज्जा बदलते. मेंदू, हृदय, मूत्रपिंड, डोळे तेच राहतात, आणि त्यासाठीची तीव्र औषधं या मुलांना सोसत नाहीत. आईच्या रक्तपेशींतले मायटोकॉन्ड्रिया काढून मुलाच्याच मूळपेशींत घालून त्या परत देण्याचा प्रयोग इस्राएलमध्ये सहा मुलांवर झाला आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. आशा वाटावी असं ते काम आहे, पण आज कुणाला लिहून देता येईल असं औषध नाही. हेही आम्ही स्पष्ट सांगितलं.

आणि मग, एकविसाव्या महिन्यानंतर, रक्ताच्या दोन वेळांमधलं अंतर वाढायला लागलं. चार आठवड्यांचे सहा झाले, सहाचे दहा. दुसऱ्या वाढदिवसानंतर महिन्याभरात हिमोग्लोबिन रक्त न देता १०.८ वर टिकलं. प्लेटलेट लाखाच्या वर. घरी सत्यनारायण झाला, प्रसाद आमच्यापर्यंत आला. गावच्या डॉक्टरांनी आनंदाने सांगितलं, “आजार गेला.”

या आजाराचा सगळ्यात फसवा भाग हा आहे. मज्जेतल्या मूळपेशी सतत विभागतात. प्रत्येक विभागणीत चांगल्या आणि तुटक्या साखळ्या लेकीपेशींत कमी-जास्त वाटल्या जातात. जिच्या वाट्याला तुटक्या जास्त येतात ती मागे पडते, चांगल्यांची वस्ती वाढते, आणि मज्जा हळूहळू स्वतःला निवडून घेते. स्नायू, मेंदू, हृदयाच्या पेशी अशा विभागत नाहीत. तिथे तुटक्या साखळ्या राहतात आणि वाढत जातात. रक्त बरं होतं ते एकटंच. ते आधी बोलतं आणि आधी गप्पही होतं. चार वर्षांची असताना तिच्या रक्तात तुटक्या साखळ्या ३१ टक्के उरल्या होत्या. असं मूल आठव्या-दहाव्या वर्षी पहिल्यांदा कुणासमोर आलं, तर रक्ताच्या तपासणीत तूट हाती लागेलच असं नाही. लघवीतल्या पेशी किंवा स्नायूचा तुकडा बघावा लागतो. बाळपणी रक्त चढवलं होतं का, हा प्रश्न म्हणूनच पापण्या उतरलेल्या प्रत्येक किशोरवयीन पेशंटला विचारायला हवा. केर्न्स-सेयर सिंड्रोमच्या, म्हणजे अशाच तुटीमुळे डोळे आणि हृदयावर उतरणाऱ्या आजाराच्या, काही पेशंटचा इतिहास तिथूनच सुरू झालेला असतो.

आमची चूक इथे झाली. हिमोग्लोबिन सुधारल्यावर भेटींमधलं अंतर वाढू दिलं आणि घरच्यांच्या हाती काही लिहून दिलं नाही. सात महिने ती आलीच नाही. मग उलट्या-जुलाब झाले. जवळच्या दवाखान्यात कुणालाही लावतील तीच सलाइन लावली, रिंगर लॅक्टेट, आणि उलट्या होतात म्हणून दिवसभर पोटात काही दिलं नाही. त्यांच्यासमोर कोणताही कागद नव्हता, त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. उपाशी ठेवणं आणि शरीराला न पेलणारं लॅक्टेट वरून देणं, दोन्ही या मुलीला घातक. ती आमच्याकडे पोचली तेव्हा श्वास भराभर चालला होता, लॅक्टेट १४. ग्लुकोजची धार आणि बायकार्बोनेट सुरू ठेवून अतिदक्षता विभागात पाच दिवस काढले.

त्यानंतर आम्ही एक पान लिहिलं, मराठीत आणि इंग्रजीत, प्लास्टिकमध्ये घालून. उपाशी ठेवू नका. तोंडाने घेत नसेल तर लगेच ग्लुकोजची सलाइन. रिंगर लॅक्टेट नको. व्हॅल्प्रोएट (फिटचं औषध), लिनेझोलिड, क्लोरॅम्फेनिकॉल नको. लॅक्टेट, साखर, सोडियम, पोटॅशियम आल्या आल्या करा. खचून गेलेली दिसली आणि रक्तदाब उतरला तर अधिवृक्क (मूत्रपिंडावरची ॲड्रीनल) ग्रंथी मंदावलेली असू शकते, स्टेरॉइडचा विचार करा. खाली दोन फोन नंबर. आईने त्याच्या चार प्रती काढल्या. एक अंगणवाडीत आहे.

ती आता पाच वर्षांची आहे. हिमोग्लोबिन ११.४, शेवटचं रक्त चढवून तीन वर्षं होत आली. लघवीतून फॉस्फेट आणि बायकार्बोनेट वाहून जातं, म्हणून दिवसातून चार वेळा औषध; चव वाईट आहे आणि ती एक घोट घेऊन आजीकडे बघते, आजी ‘शाब्बास’ म्हणाल्या की दुसरा. उंची मागे आहे. मागच्या भेटीत आईने मोबाइलमधले दोन फोटो शेजारी धरून दाखवले, गेल्या दिवाळीचा आणि यंदाचा. डाव्या डोळ्याची पापणी किंचित खाली आलेली. हे आईने ओळखलं, आम्ही नाही. त्याच दिवशी ईसीजी काढला. हृदयाच्या वरच्या कप्प्यातून खाली संदेश पोचायला लागणारा वेळ वयाच्या मानाने थोडा वाढला आहे. हृदयरोगतज्ज्ञांनी सहा महिन्यांवर असलेली पुढची तारीख सहा आठवड्यांवर आणली, आणि पेसमेकरबद्दल आई-वडिलांशी बोलायला सुरुवात केली आहे.